तीनदा दाबलेला हात

स्कूबा डायव्हिंगची दिवसातली शेवटची शिकवणी होती आणि तिचं अंग आंबून गेलं होतं. लेक किनाऱ्यावर मावशीपाशी बसली होती.

शिकाऊ एकच, निवृत्त मास्तर. "पाणी गढूळ झालं की माझा हात धरा," तिनं बजावलं. "मी दोनदा दाबेन. ठीक असाल तर तुम्हीही दोनदा दाबा."

"जन्मभर पोरांना हात पुढे करायला लावला. आता माझी पाळी," मास्तर म्हणाले.

तळाशी, दोन पुरुष खोल पाण्यात, मास्तरांच्या पायांनी वाळू उसळली. काही दिसेना. तिनं चाचपडत हात पुढे केला. तो धरला गेला. तिनं दोनदा दाबला.

उत्तर तीनदा आलं. झोप लागण्याआधी लेक तिचा हात तसाच दाबते.

हात इवलासा होता. मग तो सुटला.

वाळू खाली बसली. समोर मास्तर तळापर्यंत सोडलेला दोर दोन्ही हातांनी धरून होते.

त्यांना उथळ पाण्यात आणून ती पाठीवरच्या टाकीसकट धावत सुटली. लेक टॉवेलवर होती. केस कोरडे, फ्रॉक कोरडा.

"ही पाण्यात गेली होती?"

"जागची हलली नाही गं, ताई. तूच दमलीयेस," बहीण म्हणाली.

तिचा जीव भांड्यात पडला. तिनं लेकीचा हात हातात घेतला.

त्या इवल्याशा बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती, तासभर पाण्यात राहिल्यासारखी.