दहा प्रतींचा पेपर

"आज काय छापून आलंय, मॅडम?" प्राचार्य बांदल सरांनी विचारलं, तेव्हा मोहिनी ग्रंथालयात चौथं वर्तमानपत्र चाळत होती.

"काही नाही सर. पावसाचा अंदाज बघत होते."

"अंदाज बघून पाऊस येत नाही. तास घ्या." जाता जाता सर थांबले. "जातवैधता आहे ना तुमची? नॉन-क्रिमीलेअर यंदाचं काढलंय? सगळ्याच्या झेरॉक्स चिमाजींकडे देऊन ठेवा."

मोहिनी मनात म्हणाली, कागदांत खोट शोधायची तयारी, दुसरं काय!

सात वर्षं ती भोरच्या त्या कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होती. नेट झालं, पीएचडी झाली. नेमणूक मात्र दरवर्षी नवी आणि दरवर्षी संपणारी. पासलीच्या वरच्या धनगरवस्तीवर तिची आई, सोजराबाई, शेळ्या वळवता वळवता विचारायची, "पोरी, तू मास्तरीन हायेस का रोजानं जातीस?"

आता कॉलेजात मराठीची एक कायम जागा निघणार होती, भटक्या जमाती-क साठी राखीव. म्हणजे मोहिनीच्याच प्रवर्गाची. पण अशा जागांचं काय होतं, हे तिला पुरतं ठाऊक होतं. जाहिरात द्यावीच लागते, म्हणून ती अशा पेपरात देतात की जो छापणाऱ्याच्या घरीही कुणी उघडत नाही. मुदत सरते, 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असा शेरा पडतो, आणि जागा वर्षानुवर्षं रिकामी राहते.

तिचा जीव थाऱ्यावर राहीना. वर्गात उभी असली तरी मन पेपरच्या स्टॉलवर. भोर झालं, किकवी झाली, हायवेवरच्या टपऱ्या झाल्या. हेडक्लार्क चिमाजींना तर तिने तीनदा छेडलं.

"जायरात? मला न्हाई बा ठावं," चिमाजी मान वर न करता म्हणाले. "बाई, तुमी लई धावपळ करता. जरा दमानं घ्या."

माणूस नजर चुकवतोय म्हणजे पाणी नक्की मुरतंय, असं तिने धरलं.

रविवारी घरी जाताना ती विंझरला उतरली. तिथल्या बंडूच्या किराणा दुकानात कुठल्याशा दैनिकाच्या रोज दहा प्रती एसटीने येतात, असं कंडक्टरने सांगितलं होतं.

"ह्यो व्हय?" बंडूने मागच्या दोन आठवड्यांच्या न खपलेल्या अंकांचा गठ्ठा पुढे सरकवला. "वाचत कुनी न्हाई. शेंगदाणे बांधायला बरा."

अकराव्या अंकात, सातव्या पानावर, ती सापडली. सहायक प्राध्यापक, मराठी, पद एक, भज-क. मुदतीचे पाच दिवस उरले होते.

एकटीचा अर्ज हे लोक सहज गहाळ करतील. पन्नास अर्ज कोण दडवेल? तिने तिथेच फोटो काढला आणि राज्यभरच्या पात्रताधारकांच्या ग्रुपवर टाकला: 'लपवलेली जाहिरात. भज-कच्या सगळ्यांनी अर्ज करा. जागा बुडू द्यायची नाही.' स्वतःचा अर्ज तिने रजिस्टर पोस्टाने पाठवला, पोच हातात असावी म्हणून. कितीतरी दिवसांनी तिला धड झोप लागली.

मुलाखतीला त्रेसष्ट जण आले. सांगोल्याहून, जतहून, पार परभणीहून. कुणाची दोन पुस्तकं, कुणाचे वीस शोधनिबंध. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी चोख गुण दिले. जागा बुडाली नाही; जतच्या अमृत नावाच्या मुलाला मिळाली. मोहिनी प्रतीक्षा यादीत चौथी.

"निदान भरली तरी," संध्याकाळी ती ऑफिसात चिमाजींना म्हणाली. रडू येत होतं आणि ते तिने लपवलं नाही. "तुम्ही लोकांनी तर दाबूनच टाकली होतीत."

कपाट उघडून चिमाजींनी एक पाकीट तिच्या हातात ठेवलं. आत मोहिनीच्याच नावाचा अर्ज होता. बांदल सरांच्या अक्षरात पूर्ण भरलेला, झेरॉक्स जोडलेल्या, फक्त सहीची जागा मोकळी.

"शेवटच्या दिशी तुमाला बोलवून सही घ्यायची ठरली व्हती," चिमाजी म्हणाले. "तवर तुमाला बी सांगायचं न्हवतं. सर म्हनले, कुनाला कळलं तर गर्दी हुईल."