कुलूप होतं

"ताई, हे असं उघडं ठेवणं एक दिवस अंगाशी येईल," ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळणारे काका तिला म्हणाले होते. तिचा लॅपटॉप कुणीही उघडावा आणि कामाला बसावं, असा होता. पासवर्डच मागत नव्हता.

"कडेवर सात महिन्यांचं बाळ घेऊन एका हाताने दहा अक्षरं टाइप करून दाखवा काका, मग लावते कुलूप."

काका हसले. तीही हसली. विषय तिथेच राहिला.

सोमवारी सकाळी दवाखान्यात बाळाला लस टोचायची होती. आत जाताना तिने त्याला दोन्ही हातांनी धरलं आणि पिशवी बाहेर खुर्चीवर ठेवली. मोकळा खांदा एकच, म्हणून पिशवीही एकच. दुपट्यांच्या खाली लॅपटॉप. परत आली तेव्हा पिशवी जागेवर होती, चेन नीट लावलेली. दुपटी होती, दुधाची बाटली होती, पैशांचं पाकीट होतं. लॅपटॉप तेवढा नव्हता.

घर सोडून आलेल्या बायकांना राहायला खोली शोधून द्यायची, हे तिचं काम. चौदा बायका, चौदा नवे पत्ते. ज्या घरांतून त्या पळाल्या, तिथल्या माणसांना कळू नयेत असे. यादी लॅपटॉपमध्ये.

तिने दवाखान्यातूनच काकांना फोन लावला. टोचलेल्या जागी दुखत असल्यामुळे बाळ कानाशी रडत होतं.

"घाबरू नका. आधी सांगा, कुलूप होतं ना?"

फोनमध्ये मागे संस्था चालवणाऱ्या मोठ्या बाईंचा आवाज येत होता. काय झालं म्हणून त्या विचारत होत्या.

"होतं," ती म्हणाली. "परवाच लावलं."

"मग अर्धी काळजी मिटली. भंगाराच्या भावात विकेल मेला."

पुढचं सगळं रीतसर झालं. काकांनी तिची मेल बंद केली, पासवर्ड बदलले. लॅपटॉपच्या बिलावरचा नंबर घेऊन ती पोलिसांत तक्रार देऊन आली. त्या चौदाजणींपैकी कुणालाच फोन मात्र गेला नाही. गरज नव्हती. कुलूप होतं.

मंगळवारी सकाळी बाळाला भरवताना तिला पाकीट आठवलं. भुरटा चोर पैसे सोडून जाईल? चमचा हातातच राहिला. बाळ तोंड उघडून वाट बघत होतं.

"काका, कुलूप नव्हतं."



"कधीपासून?"

"कधीच नव्हतं."

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तेरा जणींनी फोन उचलला. चौदावीचा बंद होता. मोठ्या बाईंबरोबर ती त्या खोलीवर गेली, बाळाला कडेवर घेऊनच. तिसऱ्या मजल्यावर दाराला बाहेरून कुलूप. आवाज ऐकून शेजारच्या आजी बाहेर आल्या.

"काल संध्याकाळी खाली दुकानात एकजण तिचा फोटो दाखवत होता. मी वर येऊन सांगितलं, तशी दहा मिनिटांत लेकीला घेऊन मागच्या जिन्याने गेली. भात गॅसवर तसाच. मीच गॅस बंद केला, कुलूप लावलं."

"कुठे जाते म्हणाली?"

"नाही सांगितलं. म्हणाली, पत्ता ज्यांना माहीत होता त्यांच्याकडूनच फुटला."

 जिना उतरताना मोठ्या बाईंनी बाळाला स्वतःकडे घेतलं.

लॅपटॉपमुळेच झालं असं कशावरून, असं काका अजून म्हणतात. ती मान हलवते. सोमवारी सकाळी खरं बोलली असती, तर त्या बाईला दुपारपर्यंत दुसरीकडे नेता आलं असतं, एवढं तिला कळतं.

आता भेटेल त्याला ती विचारते. तुम्हालाही विचारते आहे: "तुमच्या जिन्यात कुणी नवीन आलंय का? सोबत चार वर्षांची लेक, दारावर पाटी नाही, बेल वाजली की आतले आवाज बंद होतात? एकदा चौकशी करा. दार वाजवण्याआधी आपलं नाव सांगा. बरी आहे, एवढंच मला कळवा. कुठे आहे ते सांगू नका."