परक्याचा दर

शाहूपुरीतल्या फाउंड्रीच्या कचेरीत प्राप्तिकर अधिकाऱ्यानं मालकांना विचारलं, "फाउंड्रीनं तुमच्या मेव्हण्याच्या कंपनीला बिनव्याजी कर्ज दिलंय. परक्याकडून किती व्याज घेतलं असतं? तेवढ्यावर कर बसेल." मालक हसले. "घरच्यांकडनं व्याज घ्यायचं व्हय, साहेब? परक्याला तर आम्ही देतच न्हाय." कोपऱ्यातल्या दिवाणजी बसलिंगाप्पाचं डोकं सणकलं. बायकोच्या, मल्लव्वाच्या ऑपरेशनसाठी त्यानं पैसे मागितले, तेव्हा फाउंड्रीनंच तिच्या पाटल्या गहाण ठेवून घेतल्या, वर अठरा टक्के व्याज लावलं. ती ओक्याबोक्या हातांनी गेली. तिजोरीची किल्ली त्याच्याच कमरेला होती. पाटल्या रोज दिसायच्या, त्यानं कधी हात लावला नव्हता. आज त्यानं तिजोरी उघडून पाटल्या साहेबांपुढं आपटल्या. "लिवा, अठरा टक्के!" "खुळा झालास काय, आप्पा?" मालक ओरडले. "तू घरचा माणूस न्हवं?" बसलिंगाप्पा म्हणाला, "घरच्यांकडनं व्याज घ्यायचं व्हय, मालक?"