अकरातली एक

स्वप्नीलने आईच्या ताटातून दहा कुळीथ उचलून फरशीवर मांडले आणि शेजारी एक खडा ठेवला.

"हे बघ आई. हजार बायकांची तपासणी केली तर त्यात खऱ्या आजारी साधारण दहा. त्यातल्या नऊ जणींना ही रक्ताची चाचणी पकडते. पण त्याचबरोबर नव्वद धडधाकट बायकांवरही उगाच शिक्का मारते. म्हणजे शिक्का बसलेल्या अकरा जणींत खरी आजारी एकच. हा खडा. तू या दहा कुळथांतली आहेस."

"माका काय झाला नाय, ह्या मी सकाळपासून सांगतंय," आनंदीबाई म्हणाल्या आणि कुळीथ परत ताटात टाकले. "भूक लागता, झोप लागता. आणखी काय व्हया?"

डिलाईल रोडवरच्या त्यांच्या चाळीत मंडळाने कॅन्सरच्या तपासणीचं शिबिर भरवलं होतं. घरटी एकच कूपन. साठी उलटलेल्या आईचं नाव स्वप्नीलनेच त्यावर घातलं होतं. तो वरळीला ऑफिसात गेला आणि त्याची बायको दर्शना सासूला घेऊन शिबिरात गेली. आज रिपोर्ट आला होता, आणि त्यात आजाराचा संशय होता.

विमा कंपनीत दिवसभर जोखमीचे आकडे मांडणारा माणूस तो. घाबरला की आकडेच मांडणार. पण वडिलांच्या पाठीमागे आईही गेली तर, हा विचार कुठल्याच आकड्यात बसत नव्हता.

"आणि दुसरी चाचणीही तशीच आली तर?" गॅसपाशी उभ्या असलेल्या दर्शनाने विचारलं.

"दुसरी कडक असते. धडधाकट माणसाला ती शंभरात एखाद्या वेळेसच चुकून पकडते. तीही तशीच आली तर सगळं उलटतं. मग अशा दहा जणींतल्या नऊ खऱ्या आजारी."

"दहातल्या नऊ," ती पुटपुटली.

"अगं, पण येणारच नाही तशी. आत्ता अकरात एक आहे, हे धरून चाल."

तिने मान हलवली. सासूसाठी इतकी कासावीस होणारी सून चाळीत शोधून सापडली नसती. स्वप्नीलला भरून आलं.

रात्री आनंदीबाईंनी बांगड्याच्या तिखल्याबरोबर दोन भाकऱ्या चापल्या. दर्शनाची अर्धी भाकरी ताटातच राहिली. हल्ली तिचं असंच चाललं होतं. घरात काळजी शिरली की घास कुणाच्या घशाखाली उतरतो? आई मात्र लहान मुलासारखी बिनघोर होती, आणि त्याचाच स्वप्नीलला राग येत होता.

मंडळाने ठरवून दिलेल्या लॅबमध्ये कूपन दाखवलं की दुसरी चाचणी फुकट होती. स्वप्नील रजा टाकायला निघाला, तर दर्शनाने अडवलं.

"तुम्ही कशाला रजा घालवताय? मी नेते ना आईंना. जवळच तर आहे."

गुरुवारी दोघी जाऊन आल्या. येताना आनंदीबाईंनी कोथिंबिरीच्या दोन जुड्याही आणल्या.

शनिवारी संध्याकाळी रिपोर्ट फोनवर आला. स्वप्नीलने तो गॅलरीत उभं राहून वाचला. मग पुन्हा वाचला. हिशोब करायची गरज नव्हती, तो त्याने आधीच मांडून ठेवला होता.

तो आत आला आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागला. तिशी ओलांडलेला बाप्या माणूस, पण त्याला कशाचीच लाज वाटली नाही.

"काय इला रे?" आनंदीबाईंनी विचारलं.

"तशीच आली गं. दहातल्या नऊ. पण मी तुला काही होऊ देणार नाही. सोमवारी परळला मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ."

आनंदीबाईंचा चेहरा पांढरा पडला. आठवडाभर हसण्यावारी नेणारी बाई देवाचं नाव घ्यायला लागली. आता कुठे तिला आजार समजला, असं स्वप्नीलला वाटलं. त्याने तिचे दोन्ही हात घट्ट धरले.

पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती. ती मोरीकडे बघत होती. तिथे दर्शना पाठमोरी उभी होती. नळ वाहत होता आणि खाली भांडं नव्हतं.

"आई, नको," दर्शना म्हणाली. "तुम्ही शब्द दिलाय."

"आता कसला शब्द, बाये?" आनंदीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "झिला, सुयेक मी भियतंय. दोन्ही खेपेक रक्त दर्शनान दिल्यान."