रविवारचा सराव

“काढ मंगळसूत्र,” सासूबाई म्हणाल्या आणि हात पुढे केला.

गेल्या वर्षी डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला गेटवरच्या तपासणीत हेच सांगितलं, तेव्हा मी रडत बसले. नवं लग्न होतं. हिरवा चुडा निघेना, मंगळसूत्राला हात लावायचा धीर होईना. नियमापेक्षा लहानपणापासून डोक्यात भरलेली भीतीच जास्त नडली. आत गेले तरी लक्ष मोकळ्या गळ्याकडंच, आणि येत असलेला पेपर हातचा घालवला. म्हणून आता दर रविवारी घरात सराव चालतो. सासूबाई दारात उभ्या राहून मला तपासतात, एकूण एक दागिना उतरवून घेतात, मग मी आत बसून पेपर सोडवते.

आज नेमक्या चुलत सासूबाई टपकल्या. माझा मोकळा गळा बघून तोंडाला पदर लावत म्हणाल्या, “अगं कौसल्या, हिचा नवरा जिवंत आहे ना?”

“आहे की. मागं भांडी घासतोय. हळू बोला, परीक्षा चाललीय.”

“अन् त्याला काही झालं म्हणजे?”

“झालं तर डॉक्टर लागेल, जाऊबाई. काळे मणी कुणाला टाके घालत नाहीत.”

चुलत सासूबाई चहासुद्धा न घेता तणतणत गेल्या. मला वाटलं, पेपर जाऊ दे खड्ड्यात, आधी उठून सासूबाईंच्या पाया पडावं. माहेरी सगळ्यांनी ‘आता संसार बघ’ म्हणून हात झटकले होते.

सासूबाईंनी आत डोकावलं.

“माझ्याकडं काय बघतेस? पेपरात बघ.”