वरचं पाकीट

"सिस्टर, पाकीट वरचंच उचलत होता ना तुम्ही?"

विचारताना, वॉर्डात हा प्रयोग चालवणाऱ्या बाईंचा आवाज त्यांनाच परका वाटला. समोर तक्ता पसरलेला होता. झटका येऊन वाचा गेलेले पेशंट; निम्म्यांना रोज तासभर गाऊन शब्द शिकवायचे, निम्म्यांना नुसतं बोलून. कोण कुठे जाणार, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार. गाण्याने खरंच वाचा लवकर येते का, एवढं बघण्यात बाईंची दोन वर्षं गेली होती, आणि ती दोन वर्षं त्या पाकिटांवर उभी होती. छत्तीस फुटली होती. चार उरली होती.

तक्त्यात एक रकाना होता, 'भेटायला कोण येतं?' गाण्याच्या गटात जवळजवळ प्रत्येकापुढे लिहिलं होतं, कुणी नाही. बोलण्याच्या गटात असा एकही नव्हता. चिठ्ठ्या इतक्या शहाण्या नसतात.

सिस्टरांनी औषधांचा ट्रे खाली ठेवला. वॉर्डात त्यांच्या चपला वाजल्या की रुसलेला म्हाताराही मुकाट गोळी गिळायचा.

"नव्हते उचलत," त्या सरळ म्हणाल्या. उरलेल्यांतलं एक पाकीट घेऊन त्यांनी भिंतीवरच्या एक्स-रे बघायच्या काचेला टेकवलं आणि बटण दाबलं. आतला गाण्याचा 'ग' लख्ख उमटला. "पाकिटं फार पातळ आणलीत, बाई."

पाकिटं बाईंनीच पसंत केली होती.

"अहो, पण का? जीव तोडून सांगितलं होतं मी, यात कुणाचं मन येता कामा नये!"

"सांगितलं होतंत. पण चार वाजले की बाकीच्यांच्या लेकीसुना येतात, बोलून बोलून डोकं खातात. ज्यांचं कुणी नाही त्यांच्याशी काय भिंत बोलणार? म्हटलं, त्यांना निदान गाणं मिळू दे." सिस्टरांनी काचेचा दिवा बंद केला. "मन काय, ड्युटीवर येताना खुंटीला टांगून यायचं?"

"गाण्याने गुण येतो, हे अजून कुणाला ठाऊकच नाही, सिस्टर! तेच तर बघत होते. आता गाणारे मागे राहिले तर गाण्यामुळे, की एकटे आहेत म्हणून? कसं सांगू मी?"

सिस्टरांचा चेहरा उतरला. हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"म्हणजे मी त्यांचं भलं नाही केलं?"

"ठाऊक नाही." बाई हळूच म्हणाल्या. "आता कळणारही नाही."

पलीकडच्या खोलीत गाण्याचा तास सुरू झाला. सहा जणांचे मोडके सूर एकमेकांना धरून चालू लागले. दार कुणीतरी अर्धवट लोटलं होतं. ते बंदच असायला हवं, दुसऱ्या गटाच्या कानावर गाणं पडू नये, हा बाईंचाच नियम. बाहेर व्हरांड्यात चाकाच्या खुर्चीत एक जण बसला होता, उजवा हात मांडीवर निपचित. सिस्टरांचा धाकटा भाऊ. बोलण्याच्या गटातला अकरावा. भेटायला येणारी : बहीण, रोज.

"आणि त्याचं पाकीट?"

"त्याच्या वेळी 'ग'च होता वर." सिस्टर ट्रेवरचा कापूस उगाच सारखा करत राहिल्या. "परत खाली सारला. त्याला मी आहे ना."

वही ओढून बाईंनी पहिल्या पानावरचा 'चिठ्ठीने' हा शब्द खोडला आणि वर सावकाश लिहिलं, 'सिस्टरांनी निवडून.' अक्षर स्वच्छ आलं.

सिस्टर दाराशी गेल्या. "लावते. नियम आहे तुमचा."

बाईंनी तक्त्याची गुंडाळी केली.

"राहू द्या उघडं."

सिस्टर कडीवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. आत गाणं एका शब्दाशी अडलं होतं. सगळेच तो शोधत होते. व्हरांड्यात भावाने डाव्या हाताने चाक ढकललं. एकाच हाताने ढकललं की खुर्ची सरळ जात नाही, वळते. ती वळली, आणि त्याचं तोंड दाराकडे झालं.