मागची रिकामी जागा

मोबाइलवर पुन्हा तीच लाल ओळ उमटली: ‘कोड वैध नाही.’ श्रीरंगचा चेहराच पडला. “आपली लेक दुसऱ्या कुणाला तर दिली नसेल ना?”

मृण्मयीने कपाळाला आठी घालून फोन ओढून घेतला. दत्तक लेकीचा पहिला फोटो उघडणारा तो लांबलचक कोड संस्थेने सकाळीच मेसेजवर पाठवला होता. असे कोड तपासणं हा तर तिचा रोजचा उद्योग. अक्षरं बरोबर, आकडे बरोबर, मधल्या आडव्या रेघाही जागच्या जागी. मग तिने कोडच्या टोकाला बोट टेकवलं आणि चूक सापडली. कॉपी करताना कोडच्या मागे एक रिकामी जागा, एक स्पेस, चिकटून आली होती.

संस्थेचं ॲप तिच्याच कंपनीचं, आणि ही तपासणीही तिनेच लिहिलेली! टेस्टिंगवाली नफीसा तेव्हा किती विनवत होती, “अगं, लोकांकडून अशी जागा येतेच. आधी ती काढ, मग तपास.” मृण्मयीचं एकच पालुपद, “चुकीचं ते चुकीचं.”

तिने जागा पुसली. फोटो उघडला. श्रीरंग हसता हसता रडायलाच लागला.

तिने स्वतःच्या फोनवरून नफीसाला गाठलं. “जिंकलीस बाई! त्या रिकाम्या जागेने आज मलाच अडवलं. सोमवारी पहिलं काम तेच करते.”

“ते मरू दे गं! लेक कुणासारखी दिसते, ते सांग.”

दुपट्यातून ते इवलंसं तोंड साऱ्या जगावर रागावल्यासारखं बघत होतं.

“अगदी माझ्यासारखी,” मृण्मयी म्हणाली. “कपाळाला आठी आहे.”